चूक यंत्राची, भुर्दंड कुणाला?

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल लहान उद्योगांत सध्या दोन बाजू हिरिरीने मांडल्या जातात. एक बाजू म्हणते, किती माल मागवायचा, कुणाकडून घ्यायचा, कधी पाठवायचा हे सगळं यंत्रावर सोपवा, नाहीतर मागे पडाल. दुसरी म्हणते, हे मोठ्या कंपन्यांचे खेळ आहेत, आपली वही आणि आपला अनुभव पुरेसा आहे. या लेखात त्या दोन्ही बाजू समोरासमोर बसवल्या आहेत. इथले व्यापारी आणि तंत्रज्ञ कुणा विशिष्ट माणसांवरून घेतलेले नाहीत. माल घेणाऱ्या-विकणाऱ्यांचे आणि त्यांना संगणक प्रणाली पुरवणाऱ्यांचे जे युक्तिवाद असतात, ते शक्य तितक्या भक्कमपणे त्यांच्या तोंडी दिले आहेत. लेखक अधूनमधून बोलतो, कारण त्याच्या मते यंत्र हुशार आहे की नाही हा या वादातला खरा प्रश्न नाही. अंदाज चुकला तर पैसे कुणाचे जातात, हा खरा प्रश्न आहे.

व्यापारी: साहेब, तुमचा प्रोग्राम मागच्या विक्रीवरून पुढची विक्री सांगतो. पण आमचा बाजार मागच्यासारखा चालतो कुठे? लासलगावच्या कांद्याचंच घ्या. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. ती ४ मे २०२४ ला उघडली, तीही किमान निर्यात मूल्य आणि शुल्काच्या अटीवर. कोणत्या जुन्या आकड्यांत ही अधिसूचना दिसणार होती? मोठ्या कंपनीकडे लाखो बिलं असतात, एखाद्या वर्षाचं गणित चुकलं तरी बाकीची वर्षं ते सावरून घेतात. आमच्याकडे मुळात आकडे थोडे, त्यातले काही पक्क्या बिलात, काही डायरीत, आणि काही फक्त डोक्यात. अशा अर्ध्या माहितीवर यंत्राने सांगितलेला आकडा आणि माझा अंदाज यांत फरक इतकाच की माझा अंदाज मी स्वतः तपासू शकतो. तुमचा आकडा कुठून आला हे तुम्हालाही सांगता येत नाही.

तंत्रज्ञ: शेठ, ती अधिसूचना तुमच्या अनुभवालाही दिसली नव्हती. यंत्राची तुलना सर्वज्ञाशी करू नका, माणसाशी करा. हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग या तीन अभ्यासकांनी १९९७ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या पॅम्पर्स डायपरचं उदाहरण मांडलं होतं. बाळांना रोज साधारण तेवढेच डायपर लागतात, त्यामुळे दुकानातली विक्री फारशी हलत नाही. तरी वितरकांच्या ऑर्डरी बऱ्याच वरखाली होत होत्या आणि कंपनी कच्च्या मालासाठी देत असलेल्या ऑर्डरी त्याहून जास्त. कारण साखळीतला प्रत्येक जण गिऱ्हाइकाकडे न पाहता पुढच्याने पाठवलेल्या ऑर्डरीकडे पाहतो आणि कमी पडू नये म्हणून त्यात आपलं थोडं मिळवतो. हा गोंधळ यंत्राने केलेला नाही, सावध आणि अनुभवी माणसांनीच केला आहे. आणि आकडे नाहीत ही सबबही आता टिकत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. तुमची विक्री तारखेनिशी संगणकात पडून आहे. ती वापरायची नाही म्हणजे विहीर खणून पाणी न उपसण्यासारखं आहे.

लेखक: दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघेही अंदाज किती बरोबर येतो एवढंच मोजत आहेत. माणसाचा अंदाज चुकतो हे तंत्रज्ञांचं म्हणणं निर्विवाद आहे. थोड्या आकड्यांवर शिकलेलं यंत्र फसतं हे व्यापाऱ्यांचं म्हणणंही तितकंच खरं आहे आणि त्याचा पुरावा आपल्या पंचांगात आहे. महाराष्ट्रात अनारसे, अनारशाचं पीठ आणि फराळ करून विकणारे शेकडो गृहउद्योग आहेत. त्यांना तांदूळ, गूळ, खसखस आणि तूप पुरवणारे दुकानदार आहेत. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देण्याची रीत असल्याने त्या महिन्यात अनारशांची मागणी एकदम वाढते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, वाळवून कुटायचे, गुळात मळून पीठ मुरवायचं, असं हे काम असल्याने मागणी आल्यावर तयारी करून भागत नाही. आता अधिक महिना पाहा. २०२० मध्ये तो अधिक आश्विन होता, १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर. २०२३ मध्ये अधिक श्रावण, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, मे-जूनमध्ये. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या बिलांवर शिकलेल्या प्रणालीने अधिक महिना बहुधा एकदाच पाहिलेला असणार किंवा मुळीच नाही. २०२० चा पाहिला असेल, तर तो करोनाच्या वर्षातला, जेव्हा जावयाने सासरी जाणंच अवघड होतं. इंग्रजी महिन्यांवर चालणारी प्रणाली त्यामुळे ऐन हंगामात कमी खसखस मागवायला सांगेल आणि पुढच्या वर्षी त्याच तारखांना विनाकारण जास्त.

तंत्रज्ञ: हे अगदीच सुटण्यासारखं आहे. तिथी, सण, अधिक महिना हे वेगळे रकाने म्हणून प्रणालीला द्यायचे. गणेशचतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला आली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. एकदा पंचांग जोडलं की मोदकाच्या पिठाचा अंदाज त्या-त्या तारखेभोवती बसतो. उलट, पंधरा दिवस आधीपासून किती पुडे ठेवायचे हे तुमच्यापेक्षा प्रणाली बारकाईने सांगेल.

व्यापारी: बरोबर आहे. पण अधिक महिन्याचा रकाना हवा, हे प्रणालीला सांगितलं कुणी? मीच ना? मग ज्या दिवशी तुम्ही मला विचारणं बंद कराल, त्या दिवशी पुढचा रकाना कोण सांगणार? रस्ता खणलेला आहे, पुलाचं काम निघालंय, गावातल्या साखर कारखान्याची बिलं थकली म्हणून लोकांच्या हातात पैसा नाही, या गोष्टी माझ्या पेढीवर रोज येतात. तुमच्या संगणकात त्या कधी येतील तेव्हा येतील.

लेखक: इथे दोघांमधलं अंतर बरंच कमी होतं आणि पहिला निष्कर्ष निघतो. यंत्राला नेमकं काय माहीत नाही, हे ओळखणारा माणूस व्यवहारात असेपर्यंतच यंत्र उपयोगी आहे. पण एवढ्यावर थांबलं तर जबाबदार वापर म्हणजे फक्त "माणसाची देखरेख ठेवा" असा गुळमुळीत सल्ला होतो. देखरेख करणाऱ्याला चुकीची झळ बसत नसेल, तर ती देखरेख लवकरच सहीपुरती उरते. म्हणून आपण चुकीच्या किमतीकडे वळू. २००१ च्या सुरुवातीला नायकीने सांगितलं की मागणीचा अंदाज बांधणाऱ्या नव्या प्रणालीमुळे काही बुटांच्या भरमसाट ऑर्डरी दिल्या गेल्या आणि काहींच्या फार कमी. विक्रीचं नुकसान सुमारे दहा कोटी डॉलर सांगितलं गेलं. घरांच्या किमतीचा अंदाज संगणकाकडून घेऊन घरं विकत घेणाऱ्या झिलो या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो व्यवसाय बंद केला. हाताशी असलेल्या घरांचं मूल्य तीस कोटी डॉलरांहून अधिक कमी दाखवावं लागलं आणि सुमारे चतुर्थांश कर्मचारी कमी करण्याचं जाहीर झालं. या दोन्ही कंपन्यांकडे उत्तम तज्ज्ञ होते, भरपूर आकडे होते, आणि चूक पचवण्याइतकं भांडवल होतं. लहान उद्योगाकडे पहिल्या दोन गोष्टी कमी असतात आणि तिसरी जवळपास नसतेच. पन्नास हजारांची खसखस पडून राहिली की त्याच्या पुढच्या महिन्याच्या पगाराची ओढाताण सुरू होते.

आणखी एक गोष्ट या दोन उदाहरणांत दिसत नाही, ती पुरवठा साखळीत दिसते. साखळीत चूक जिथे होते तिथे थांबत नाही, ती कमजोर कडीकडे सरकते. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्या पाहा. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी फाउंड्रीला महिन्याचं शेड्यूल पाठवते. फाउंड्रीवाला त्यावरून पिग आयर्न आणि स्क्रॅप भरतो, भट्टीच्या पाळ्या लावतो, कास्टिंग ओतून मशिनिंगसाठी जॉबवर्कवाल्याकडे देतो. महिन्याच्या मध्यावर नवा अंदाज येतो आणि शेड्यूल निम्मं होतं. कंपनीने नोंदीत फक्त एक आकडा बदलला, पण फाउंड्रीत ओतलेलं लोखंड परत वितळवायला वीज लागते आणि जॉबवर्कवाल्याच्या लेथवर लावलेला कामगार रिकामा बसतो. कायद्याने अशा पुरवठादाराला काही संरक्षण दिलं आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आयकर कायद्यातल्या कलम ४३ ब मध्ये भर घालून २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते. पण हे सगळं स्वीकारलेल्या मालाच्या पैशांबद्दल आहे. केवळ तात्पुरत्या अंदाजावर विसंबून भरलेला, पण मागवलाच न गेलेला माल या मुदतीच्या बाहेर राहतो. यंत्र जितक्या वेळा अंदाज बदलेल, तितक्या वेळा ही फट रुंदावेल. म्हणून या लेखाचा मुख्य मुद्दा असा: जो अंदाज बांधतो आणि त्यावरून दुसऱ्याला हलवतो, त्याने चुकीचा भार उचलायला हवा. हा नियम पाळला जात असेल तर यंत्राचा वापर जबाबदार, मग ते यंत्र साधं असो की अत्याधुनिक.

तंत्रज्ञ: तत्त्व म्हणून छान आहे. पण अंदाज पाठवला की भार आपल्यावर, असं ठरलं तर कोणती कंपनी पुरवठादाराला अंदाज पाठवील? ती गप्प बसेल आणि फक्त पक्की ऑर्डर देईल, तीही शेवटच्या क्षणी. मग पुरवठादार पुन्हा अंधारात, पुन्हा प्रत्येक जण आपलं थोडं मिळवणार, आणि पॅम्पर्सची गोष्ट पहिल्यापासून सुरू. तुमच्या नियमाने ज्यांना वाचवायचं आहे, त्यांचंच नुकसान होईल.

लेखक: या वादातला हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. त्याचं उत्तर उद्योगात आधीच वापरात असलेल्या एका पद्धतीत आहे. वाहन उद्योगात पक्कं शेड्यूल आणि तात्पुरतं शेड्यूल असा भेद करतात. जवळच्या आठवड्यांचा आकडा पक्का असतो, पुढचा आकडा केवळ सूचना म्हणून असतो. जबाबदारीचा नियम या पक्क्या आठवड्यांच्या खिडकीला लावायचा. त्या खिडकीत बदल झाला तर भरलेल्या मालाचा ठरलेला वाटा अंदाज बांधणाऱ्याने द्यायचा, आणि पुढच्या सूचनेवर मात्र कसलाही दंड नाही. यामुळे अंदाज सांगणं महाग होत नाही, बेफिकीरपणे बदलणं महाग होतं. यंत्राच्या बाबतीत त्यात एक भर हवी. अंदाज एका आकड्यात न देता पट्ट्यात द्यावा. "पुढच्या महिन्यात ४०० नग" असं सांगणारी प्रणाली आपली अनिश्चितता लपवते. "बहुधा ३२० ते ४८०" असं सांगणारी प्रणाली पुरवठादाराला खालच्या टोकाइतकाच माल आधी भरण्याची मुभा देते. आज वापरात असलेल्या बहुतेक अंदाजपद्धती हा पट्टा काढू शकतात. तो दाखवायचा की नाही, हा निर्णय माणसाचा असतो.

व्यापारी: मोठ्या कंपनीकडून असा करार करून घ्यायची आमची ताकद कुठे आहे? ती म्हणेल, जमत नसेल तर दुसरा पुरवठादार पाहतो. आणि तुम्ही सांगता ते पाळायचं तर प्रत्येक अंदाज नोंदवायचा, तपासायचा, म्हणजे जीएसटीच्या विवरणपत्रांवर आणखी एक कागदी काम. लहान माणसाने धंदा करायचा की हिशोब ठेवत बसायचं?

लेखक: पहिल्या अडचणीबद्दल दोन गोष्टी. एकटा पुरवठादार कमजोर असतो, हे खरं. पण औद्योगिक वसाहतींच्या संघटना आणि व्यापारी मंडळं वीज दरापासून करापर्यंत एकत्र बोलतातच. पक्क्या शेड्यूलची कलमं हा त्यांनी उचलण्याजोगा विषय आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. साखळीत प्रत्येक लहान उद्योगाच्या खाली आणखी कुणीतरी असतं. फाउंड्रीच्या खाली जॉबवर्कवाला, दुकानदाराच्या खाली पापड लाटणारा बचत गट, त्याच्या खाली टेम्पोवाला. वरच्याने न्याय दिला नाही म्हणून खालच्यावर तोच अन्याय करायची परवानगी मिळत नाही. जी अट आपण मोठ्या कंपनीकडे मागतो, ती आपल्या जॉबवर्कवाल्याला आजच देता येते, त्यासाठी कुणाची संमती लागत नाही. कागदी कामाबद्दल म्हणायचं तर एक वही पुरते. त्यात चार रकाने: प्रणालीने सांगितलेला आकडा, आपण मागवलेला आकडा, दोन्हींत फरक असेल तर कारण, आणि प्रत्यक्ष विक्री. शेजारी पाचवा रकाना मागच्या वर्षी त्याच तिथीला किती विकलं याचा. दोन-तीन हंगामांनी ही वही दोन गोष्टी स्पष्ट सांगते. महिन्याचे पैसे घेणारी प्रणाली मागच्या वर्षीच्या साध्या आकड्यापेक्षा सरस आहे का, आणि मालकाची ढवळाढवळ सुधारणा करते की बिघाड. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर ती प्रणाली बंद करावी. दुसऱ्याचं उत्तर बिघाड असेल तर मालकाने आपला हात आवरावा. व्यापारी म्हणतात त्या अनुभवाचीही अशी परीक्षा आजवर कुणी घेतलेली नसते. जबाबदारी दोघांनाही सारखीच लागू आहे.

तंत्रज्ञ: मान्य. पण पुरवठादार निवडण्याचं काम तरी यंत्राला द्यायला हरकत नसावी. वेळेवर माल आला का, रिजेक्शन किती, या गोष्टी मोजून गुण दिले की पक्षपात संपतो. ओळखीपाळखीवर ऑर्डर देण्यापेक्षा ते न्याय्यच आहे.

लेखक: ओळखीपाळखीपेक्षा मोजमाप बरं, यात शंका नाही. पण उशीर मोजणाऱ्या यंत्राला उशिराचं कारण दिसत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग अनेक दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्ये तेच पुन्हा घडलं. त्या आठवड्यांत कोल्हापूरहून निघणाऱ्या प्रत्येक मालाला उशीर झाला असणार. नुसत्या तारखा पाहणाऱ्या प्रणालीला तो पुरवठादारांचा निष्काळजीपणा वाटेल, पुढच्या ऑर्डरी दुसरीकडे वळतील, आणि पुरात गोदाम गेलेल्या माणसाचा धंदाही जाईल. म्हणून गुण यंत्राने मोजावेत, पण ऑर्डर तोडण्याआधी पुरवठादाराला कारण विचारावं आणि त्याचं उत्तर नोंदवावं. त्यासाठी लागतो एक फोन. त्या फोनची किंमत न ओळखणारा व्यवसाय आपली साखळी तुटायला निमंत्रण देतो, कारण पुढच्या टंचाईत हाच पुरवठादार कुणाला आधी माल देईल हे उघड आहे.

चुकीचा भार उचलण्याचा हाच नियम ग्राहकाशी बोलणाऱ्या यंत्रालाही लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उत्तर देणारे चॅटबॉट आता लहान दुकानंही वापरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने एअर कॅनडाविरुद्ध निकाल दिला. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट स्वतःच्या कृतीला जबाबदार आहे असा कंपनीचा बचाव न्यायाधिकरणाने फेटाळला आणि नुकसानभरपाई द्यायला लावली. हा निकाल आपल्याला बंधनकारक नाही, पण त्यातला न्याय कुठल्याही बाजारपेठेत पटण्यासारखा आहे. "शुक्रवारी माल मिळेल" असं यंत्राने सांगितलं तर ते दुकानाने सांगितलं. तसंच पुरवठादाराचे दर, ग्राहकाची ड्रॉइंग्ज, टेम्पोचालकांचे फोन नंबर एखाद्या मोफत चॅट साधनात टाकताना ते दुसऱ्याचे आहेत हे लक्षात ठेवायला हवं. माणसांच्या माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. दर आणि ड्रॉइंग्जसाठी दिलेला शब्द आहे, आणि बाजारात तो शब्द कायद्याइतकाच चालतो.

व्यापारी: मग यंत्र घ्यावं की नाही, तेवढं एकदा सरळ सांगा.

लेखक: घ्यावं. डझनभर वस्तूंचा हिशोब डोक्यात मावतो, पाचशे वस्तूंचा मावत नाही, आणि पडून राहिलेला किंवा वेळेला संपलेला माल लहान धंद्याला आतून पोखरतो. यंत्राने तो थोडा जरी कमी झाला तरी फायदा मोठा आहे. पण घेताना ते विकणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. अंदाज पट्ट्यात मिळेल का? त्यात माझं पंचांग आणि माझी माहिती घालता येईल का? प्रणाली सोडली तर माझे आकडे मला परत मिळतील का? आणि एक गोष्ट स्वतःला विचारावी: या अंदाजावरून मी ज्याला माल भरायला सांगणार आहे, अंदाज चुकला तर त्याचं नुकसान मी भरून देईन का? पहिल्या तीनपैकी एखाद्याचं उत्तर नाही असेल तर दुसरी प्रणाली शोधावी. शेवटच्याचं उत्तर नाही असेल तर कोणतीच प्रणाली घेऊ नये. कारण मग आपण यंत्राच्या मदतीने धंदा सुधारत नसतो, फक्त आपली जोखीम आपल्याहून गरीब माणसाच्या अंगावर ढकलत असतो. लहान उद्योगांच्या संघटनांनी, त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांनी आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ही एक अट आपापल्या करारात घालावी: अंदाज ज्याचा, जबाबदारी त्याची.